हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

आदरणीय साडूभाऊ,

वाकून नमस्कार. (वाकायला आता परवानगी आहे. मध्यंतरी नव्हती, त्याचंच हे पत्र.) तुमचे गुडघे कसे आहेत? ताईंचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक. माझं चष्म्याचं दुकान चालू आहे, आणि तुमची मेहुणी शाळेच्या मैदानावर मुलींना अजून तितक्याच जोमाने पळवते आहे.

पत्र दार लावून वाचा. माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तुम्ही फळं पाठवलीत ना, ते ऑपरेशन हर्नियाचं नव्हतं. फळं गोड होती.

झालं असं, की मधुमेहाने माझे डोळे सोडले, पाय सोडले आणि नेमकं नको तिथे गाठलं. मन तयार, शरीर ढिम्म. मी पाठ धरल्याचं सांगितलं, मग मला झोपायला एकाएकी हॉलमधल्या पंख्याचा वारा मानवायला लागला. चोरून गोळ्या घेतल्या, त्यांनी नुसतं डोकं ठणकलं. (त्या भरात एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा दिला. बिचारा जिन्याच्या पायऱ्या चुकत परत आला.) शेवटी ते पाकीट बायकोच्या हाती लागलं. आता माझी धडगत नाही, असं मी समजलो. ती पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "एवढंच होतं? मला वाटलं, मी तुम्हाला नकोशी झाले." आणि रडली. साडूभाऊ, पाय मोडलेल्या मुलीला उचलून दवाखान्यापर्यंत धावत जाणारी बाई ती. तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि मला मूत्रविकाराच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. मी "जरा अशक्तपणा वाटतो" असं काहीतरी पुटपुटत होतो, तेव्हा तिने मैदानावरच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. (निघताना एका आजोबांनी उठून मला वाट करून दिली.) डॉक्टर भला माणूस. त्यांनी आधी गोळ्या बदलून पाहिल्या, मग इंजेक्शन (ते कुठे द्यायचं, हे विचारू नका), मग हवा ओढून घेणारी नळी. कशानेच भागेना, तेव्हा म्हणाले, आत बसवायचं एक साधन असतं, इम्प्लांट.

त्यांनी त्याचा नमुना टेबलावर ठेवला आणि मी लाज विसरून खुर्ची पुढे ओढली. लिंगात बसणाऱ्या दोन लांबट नळ्या, पोटात खाऱ्या पाण्याची छोटी पिशवी आणि अंडकोशात, कातडीखाली, एक इवलासा पंप. पंप दाबत गेलं की पाणी नळ्यांत येऊन ताठरपणा येतो. पंपावरचं बटण दाबलं की पाणी परत पिशवीत. बाहेरून कुणाला पत्ता नाही. काय डोकं चालवलंय हो माणसाने! मी नुसता बघत बसलो, प्रश्न बायकोने विचारले. संवेदना राहील का? (सहसा राहते.) बिघडलं तर? (काही वर्षांनी बिघडू शकतं, मग पुन्हा ऑपरेशन.) जंतुसंसर्ग? (धोका असतो, म्हणून आधी साखर आटोक्यात आणा.) लांबी वाढते का? (नाही. हा प्रश्न माझा होता.) शिवाय एकदा बसवलं की पूर्वीसारखं आपोआप काही होणार नाही, तेव्हा नीट विचार करून या, असं त्यांनी बजावलं.

आम्ही विचार केला. साखर उतरावी म्हणून तिने मला शाळा सुटल्यावर रिकाम्या मैदानावर घाम फुटेपर्यंत चालवलं. मग ऑपरेशन झालं. सूज, दुखणं, सगळं झालं, आणि कित्येक दिवस मी मांड्यांमध्ये उशी असल्यासारखा चालत होतो. जखम भरल्यावर डॉक्टरांनी पंप वापरायला शिकवलं. दवाखान्यात छान जमलं. घरी पहिल्याच सरावाला पाणी चढलं ते उतरेना, बटणच सापडेना! आणि नेमकी तेव्हा शेजारची मंडळी हर्नियाची चौकशी करायला आली. मी मांडीवर उशी घेऊन हसत बसलो. त्यातल्या एकांचं खरंखुरं हर्नियाचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यांना माझा टाका बघायचा होता! बायको म्हणाली, "त्यांची विश्रांतीची वेळ झाली." ती अशा आवाजात म्हणाली, की मंडळी अर्धा चहा टाकून उठली. मग तिने चष्मा लावला, माहितीपत्रक समोर धरलं आणि हुकूम सोडले, "खांदे सैल. श्वास सोडा. घाई करू नका. आता दाबा, दाबून धरा." उतरलं! आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. असं हसून किती वर्षं झाली होती.

पुढचं लिहीत नाही. तुमच्या मेहुणीसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही, एवढंच लिहितो.

आपला,
साडू

ता. क. हे पत्र मी हौसेने लिहिलेलं नाही. ताई परवा फोनवर हिच्याशी बराच वेळ बोलल्या. शनिवारी सकाळी डॉक्टरांकडे तुमची वेळ घेतली आहे. रागावू नका. तपासून तर घ्या, तुमचं कदाचित गोळीवरच भागेल.

ता. क. २. भाऊजी, हे माझं अक्षर. ऑपरेशनच्या सकाळी हे हॉस्पिटलचा झगा घालून फाटकाबाहेर टॅक्सी थांबवत होते, ते यांनी लिहिलंच नाही. मी दंडाला धरून आत आणलं. तुम्हालाही आणीन. येताना ताईला घेऊन या. ती बाहेर थांबते म्हणाली, तर ऐकू नका. डॉक्टरांना विचारायचं सगळ्यात जास्त तिच्याकडेच आहे.