जागेला दोन बाजू असतात

प्रिय सृष्टी,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. परवा म्हणालीस, गुजरातच्या दूध पावडरच्या कारखान्याला नकार कळवते आणि इथंच जवळ, वाशीतल्या दूध संकलन केंद्रावर लागते, म्हणजे संध्याकाळी घरी तरी येईन. मी नुसतं हूं म्हटलं. तो होकार नव्हता.

इकडं बरं आहे. गाय व्यायली, कालवड झाली. तुझे बाबा गेल्यापासून खव्याची भट्टी पेटायच्या वेळेला मात्र घर फार गप्प असतं. तेव्हा मी तुझी कॉलेजची पुस्तकं काढून बसते. मला वाचायची गोडी लागली तीच खव्याच्या पुड्या बांधायच्या रद्दीवर. तुझे बाबा ओरडायचे, पुडी बांधायलीस का पेपर वाचायलीस? आणि थोड्या वेळानं स्वतःच विचारायचे, मग पुढं काय झालं गं त्या बातमीत?

तुझ्या पुस्तकातलं इंग्रजी सगळं कळत नाही, पण समासात तू पेन्सिलीनं मराठीत लिहून ठेवलंयस. भांड्यातून पाणी किती उडतं हे सांगायला नुसतं वजन पुरत नाही. किती जागेतून आणि किती वेळात, तेही सांगावं लागतं. मला वाटलं, ही तर आपली कढईच. एक गणित होतं. चौरस मीटरमधून तासाला चाळीस किलो पाणी उडतं, तर चौरस सेंटिमीटरमधून किती ग्रॅम? वाफ तेवढीच, फक्त माप बदलायचं. मी चाळीस किलोचे चाळीस हजार ग्रॅम केले, मीटरचे शंभर सेंटिमीटर म्हणून शंभरानं भागलं. आले चारशे. नखाएवढ्या जागेतून तासाला चारशे ग्रॅम! तेवढ्या जागेत एक ग्रॅम पाणी म्हणजे एक सेंटिमीटर खोली, मग एवढं उडायचं तर दूध चार मीटर खोल पाहिजे. कढई कशाची, आडच लागला असता.

मग गोठ्यात पालथी घातलेली कढई बाहेर काढली आणि तिच्या तोंडावर पट्टी धरून बसले. शेजारची हमिदाबी दूध न्यायला आलेली. म्हणाली, महादेवी, आता कढईला गणित शिकवायलीस काय गं? लई हसली. मी पट्टी आधी आडवी ठेवली, मग उभी ठेवली, तेव्हा डोक्यात उजेड पडला. जागेला दोन बाजू असतात. शंभरानं एकदा नाही, दोनदा भागायचं. उत्तर चार ग्रॅम. तासाभरात दूध दोन-तीन बोटं उतरतं. मंद जाळावर तुझे बाबा नुसतं बघून सांगायचे, तेवढंच.

बाळा, तूही एकदाच भागलंस. आई एकटी, ही एकच बाजू धरलीस. ती खोटी नाही. मोठं उलथणं मी अजून त्यांच्या बसायच्या जागेलाच टेकवून ठेवते. पण दुसरीकडून मी आहे ना, माझे हात धड आहेत, गाय दुभती आहे, हमिदाबी रोज येऊन मला हसवते. तू माझ्यापायी इथं अडकलीस तर ते मला रोज दिसत राहील, आणि ते मात्र मला सोसणार नाही. बाहेर काढलेली कढई परत पालथी घालवेना. त्यांच्या मागं पहिल्यांदाच काल मी भट्टी पेटवली. जाळ जरा जास्त झाला, खवा तळाला लागला, हमिदाबीनं नावं ठेवत ठेवत खाल्ला. तुला हे सांगायलाच लिहायला बसले. तू जा. तिकीट कधीचं निघतंय ते कळव, आदल्या दिवशी खवा करते. तोवर हात बसेल.

तुझीच,
आई