वाळूत उलटी रोवलेली सुपारी

॥ श्रीबल्लाळेश्वराची कृपा असो ॥
मुक्काम श्रीवर्धन, माघ वद्य पंचमी, शके १८५५

रा. रा. दादा यांस,

यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. (बहिणीच्या नवऱ्याने मेहुण्याला साष्टांग घालावा ही आपल्याकडची रीत नव्हे. उलट गेल्या आठवड्यात पालीला तुम्हीच माझे पाय धुतलेत, हे ध्यानात आहे. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी बांधून दिलेले पोहे माणगावपर्यंत पुरले. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत. खुशाल म्हणजे गोदू खुशाल आहे. माझं पोट ठिकाणावर नाही, आणि त्याला वहिनींचे पोहे कारण नाहीत, हे त्यांना अवश्य सांगावं.

पत्र मोडीत पाहून नवल वाटेल. तुमच्या बहिणीला बाळबोध वाचता येतं, मोडी येत नाही, एवढंच त्याचं कारण. अलिबागच्या कचेरीत जन्मभर मोडी खरडली, तिचा संसारात उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ. गोदूलाही तुम्हाला चार ओळी लिहायच्या आहेत, म्हणून शेवटी जागा सोडतो आहे. पाकीट तीच खळ लावून बंद करणार आहे. माझं लिहिणं ती उघड्या डोळ्यांनी पाहील आणि तिला एक अक्षर कळणार नाही, तेव्हा निर्धास्त लिहितो. (निर्धास्त हा शब्द सवयीने पडला.)

तुम्ही पालीला विचारलंत, की मोटारीत देवाच्या सामानाशेजारी ती काठ्यांची पिशवी कशाला. तेव्हा गोदू समोर होती म्हणून मी हसून वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की मला पेन्शन मिळाली त्याच महिन्यात आमचे साहेब विलायतेला परतले, आणि जाताना आपली गोल्फची पिशवी मला देऊन गेले. म्हणाले, शिरस्तेदार, पेन्शनीत माणूस बसला की संपला, उघड्यावर जा, चेंडू मारा, नव्वदी गाठाल. मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या आधी पेन्शनीत गेलेले नाझर वर्षाच्या आत गेले, आणि त्यांच्या आधीचे अव्वल कारकून तर पेन्शनीनिमित्त घातलेल्या सत्यनारायणाचा प्रसाद हातात असतानाच गेले. दोघेही बसलेलेच होते. तेव्हापासून मला बसायची धास्ती वाटते. गोदूचं म्हणणं, फिरायचंच आहे तर देव करत फिरू. शेवटी तह झाला, की एक देऊळ तिचं आणि एक मैदान माझं. त्या तहावर ही मोटार निघाली.

मैदानांची हकीकत थोडक्यात सांगतो. पालीला गडाच्या पायथ्याशी मारलेला पहिला चेंडू म्हशींच्या डबक्यात गेला, आणि म्हशी उठेपर्यंत थांबायला गोदू तयार नव्हती. माणगावला पद्मेच्या सासरी व्याह्यांच्या देखत शेतात काठी फिरवली. त्यांनी ते सगळं शांतपणे पाहिलं आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, की हे वैद्याने सांगितलंय का. आमचा मोटारवाला इसहाक मोठा गुणी माणूस, प्रत्येक चेंडू हुडकून आणतो. पण त्यानेही काल विचारलंच, "काका, ह्या खेलात समोर कोनीच न्हाय, मंग हरतंय कोन?" ह्याला उत्तर साहेबांनी सांगून ठेवलेलं नाही.

माणगाव सोडल्यावर जंजिरा संस्थानच्या हद्दीतला घाट लागला. वळणं अशी, की गोदूचं तोंड पांढरं पडलं. बिचारीने मळमळ थांबावी म्हणून सुपारी कातरली, अर्धी तोंडात टाकली, अर्धी मला दिली. (सुपारी फार चांगली होती, मी तसं म्हणालोही. तुमच्या पालीच्या बाजारातली असावी.) घाट उतरल्यावर ती जी गप्प झाली, ती श्रीवर्धन येईपर्यंत. मला वाटलं, वळणं अजून पोटात फिरत असतील.

आता खऱ्या गोष्टीकडे वळतो. पद्मेची ही तिसरी खेप, हे मी तुम्हाला काय सांगणार. दोनदा आमच्या ओटीवर पाळणा बांधला आणि दोनदा रिकामा सोडला. म्हणून तर तुम्ही स्वतःच्या हाताने श्रींच्या पायांशी सुपारी ठेवलीत, तिचाच गणपती मानून पूजा केलीत आणि गोदूच्या पदरात घातलीत. परत जाताना माणगावला ती पद्मेच्या ओटीत घालायची आणि बाळंत होईपर्यंत तिच्या उशाशी ठेवायची. गोदूने ती तांब्याच्या डबीत अक्षता-कुंकवाबरोबर ठेवली आहे. म्हणजे ठेवली होती.

श्रीवर्धनचा किनारा पाहून साहेबांची आठवण आली. एवढं सपाट मैदान विलायतेलासुद्धा नसेल. गोदू जीवनेश्वराला गेली होती. साहेबांनी शिकवलं होतं, की ओल्या वाळूची चिमूट करून तिच्यावर चेंडू ठेवावा. पण ऊन चढलं होतं, वाळू कोरडी, चिमूट उभी राहीना. चष्मा मी काढून ठेवला होता. (वाकून मारताना तो घसरतो.) अशा वेळी माणसाला जे सुचू नये ते मला सुचलं. मोटारीत गोदूची पिशवी होती. आत हात घातला, डबी लागली, डबीत सुपारी लागली. मला वाटलं, पानाचं सामान. सुपारीचं टोक वाळूत रोवलं, चपटी बाजू वर केली, तिच्यावर चेंडू असा ऐटीत बसला, की मला साहेबांची कीव आली.

दादा, मी देवाला डोक्यावर उभा केला आणि काठी हाणली.

चेंडू हातभर सरकला. सुपारी मात्र सणसणत गेली, आणि माझ्या उभ्या आयुष्यातला तो एकच फटका साहेबांना दाखवण्याजोगा होता. चष्मा घालून डबी बंद करायला गेलो तेव्हा अक्षता दिसल्या. भानावर आलो तो इसहाक धावताना दिसला, आणि त्याच्यामागे मी. सुपारी गेली होती ती किनाऱ्याला लागून असलेल्या पोफळीच्या वाडीत. वाडीवाल्याची म्हातारी आई, खतिजाबी, खळ्यात कावळे हाकत बसली होती, आणि तिच्यासमोर अख्खं खळं भरून सोललेल्या सुपाऱ्या वाळत होत्या. मी म्हटलं, माझी सुपारी इथे पडली आहे. तिने विचारलं, "कशी होती?" मी म्हटलं, सुपारीसारखी.

कुंकवाचा ठिपका शोधत मी त्या खळ्यात ओणवा फिरलो. पण कुंकू वाळूने पुसलं असावं, आणि सुपारीचा जात्याच तांबूस रंग. शेवटी मला बसायला लागलं. (पेन्शनीत गेल्यापासून पहिल्यांदाच बसलो आणि साहेब आठवले नाहीत, पद्मा आठवली.) म्हातारीने माझं तोंड पाहिलं, कारण विचारलं नाही. मूठभर सुपाऱ्या पुढे केल्या आणि म्हणाली, "ह्यातली घे, बाबा. लेकराबालांसाठी हाय ना? देनाऱ्याला सगलं कलतंय." मी लेकराबाळांचं नावही काढलं नव्हतं. एक सुपारी घेतली, कुंकू लावून डबीत ठेवली. आता दोन्ही वेळा अंघोळ करून त्या डबीला नमस्कार करतो. गोदू ते पाहते आणि तोंड फिरवते. तिला संशय आला असावा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आपला,

यज्ञेश्वर

ता. क. इसहाक मोटारीची ट्यूब आणायला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने नागोठण्याला निघाला आहे. तिथून तो वाकडी वाट करून पालीला येईल. त्याच्या हाती श्रींच्या पायांशी ठेवलेली दुसरी सुपारी, गोदूला कळणार नाही अशा बेताने, पाठवावी. प्रायश्चित्त काय ते मला सांगा, पद्मेकडून वसूल होऊ देऊ नका.

ता. क. २. गोल्फची पिशवी इसहाकला देऊ केली. तो नको म्हणतो. तुमच्याकडे कुत्री हाकायला उपयोगी पडत असेल तर कळवावं.

(ह्याखाली बाळबोध अक्षरात)

ती. दादास गोदूचा नमस्कार. वर स्वारीने काय लिहिलं आहे ते मला वाचता येत नाही, गोल्फच असणार. तू हसू नकोस. तो खेळ त्यांनी हौसेने धरलेला नाही. घरी बसले की पाळण्याच्या कड्यांकडे बघत बसतात, म्हणून मीच त्यांना बाहेर काढलं.

दादा, माझ्या हातून फार वाईट घडलं आहे. तू पदरात घातलेली सुपारी मी पदरालाच गाठ मारून ठेवली होती. घाटात मला घेरी येत होती, हात पानाच्या चंचीत जायचा तो गाठीत गेला. अडकित्ता चालवला, अर्धी मी खाल्ली, अर्धी ह्यांना दिली. वर चांगली आहे म्हणाले. घाट उतरून पदर चाचपला तेव्हा कळलं. डबीत चंचीतली साधी सुपारी ठेवली आहे, आणि देवापुढे कधी हात न जोडणारा हा माणूस दोन्ही वेळा तिला नमस्कार करतो आहे. मला बघवत नाही. इसहाककडे एक सुपारी दे, ह्यांना कळू देऊ नकोस, पद्मेच्या काळजीने आधीच अर्धे झाले आहेत. आम्ही दोघांनी देव वाटून खाल्ला दादा, आणि पोरीच्या ओटीत घालायला हातात काही नाही.