गाडी जप्त झालेली नाही, दान केली आहे

कॉर्क, आयर्लंड
२० जून २०२१

तीर्थरूप मामांना,

गिरिजाचा साष्टांग नमस्कार. (खरोखर जमिनीला डोकं टेकवून मगच लिहायला बसले आहे. भाड्याच्या घरात गालिचा आहे, त्यामुळे कपाळाला काही लागलं नाही. तो नमस्कार धरायचा की नाही ते तुम्ही ठरवा.) तुमची आणि मामींची दुसरी लस झाली का? मामींचा गुडघा कसा आहे? गॅरेज पुन्हा उघडलंत असं शोभनाने कळवलं. तर तोंडाच्या मास्कने इंजिन पुसू नका. यापुढे इकडील सर्व कुशल असं लिहायची पद्धत आहे, पण ते पूर्ण खरं नाही, म्हणून लिहीत नाही. शोभना, बाबांना पत्र सावकाश वाचून दाखव. कंसातलं काय वाचायचं आणि काय गिळायचं ते मी त्या त्या जागी सांगेन.

मामा, सर्वांत आधी एक खुलासा. मी पाठवलेल्या फोटोत ट्रकवर चढवलेली गाडी जप्त झालेली नाही. ती मी दान केली आहे. माझा कुठलाही हप्ता थकलेला नाही, पोलिसांशी माझं काही वाकडं नाही आणि फोटोतला पिवळ्या जाकिटाचा माणूस बँकेचा नव्हे. बार्शीत ज्यांना ज्यांना सांगून झालं असेल त्यांना कृपया हेही सांगा.

हे सगळं सुरू झालं ते तुमच्या चिरंजीवांमुळे. डिसेंबरात आशुतोषने शिकागोत आपली जुनी गाडी एका धर्मादाय संस्थेला दिली, लाल फीत लावलेल्या गाडीशेजारी हात जोडून फोटो काढला आणि तुम्हाला कळवलं की तिकडे गाडी दान केली की करात सूट मिळते. तेव्हापासून मी तुमच्या तोंडून दुसरं काही ऐकलेलं नाही. "दान पण केलं आणि सरकारकडून पण वसूल केलं, ह्याला म्हणतात डोकं!" मामा, त्या डोक्यात बेरजा मी घातल्या आहेत. आपल्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून नेलंत आणि प्रवेशाच्या कागदावर अंगठा उठवलात. आशुतोष माझ्या जुन्या वह्यांवर शिकला, माझ्या चुकांसकट. (सातवीच्या भूगोलात त्याने माझीच नदी चुकीच्या समुद्राला नेली होती.) आणि गॅरेजच्या भिंतीवर बारा वर्षं माझ्या दहावीच्या निकालाचा फोटो होता, तिथे आता लाल फितीची गाडी आहे आणि मी टायरच्या रॅकमागे आहे, असं मला समजलं. कोणाकडून ते मी सांगणार नाही. (शोभना, हे वाचताना चेहरा सरळ ठेव.) मला मत्सर वाटला नाही, असं मी आधी लिहिलं होतं, ते खोटं होतं, म्हणून पान बदललं.

माझी गाडी सतरा वर्षांची, चंदेरी, आणि इथल्या सरकारी वार्षिक तपासणीत दोनदा नापास. तेव्हा मीही ठरवलं. इथल्या एका संस्थेकडे फॉर्म मागवला. त्यात प्रश्न होता, 'गाडीत काही दोष आहेत का?' आणि उत्तराला अर्धी ओळ. मामा, मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही असं आम्ही मानतो. मी तीन पानं जोडली. गंज, सायलेन्सर, उजवा दिवा हे तर होतंच. शिवाय डावीकडे वळताना पुढचा कप्पा आपोआप उघडतो, डिकीत काळा मसाला सांडला होता त्यामुळे उन्हात मागे बसणाऱ्याला शिंका येतात (ऊन क्वचित पडतं, हेही नमूद केलं), असे एकतीस दोष. त्या दिवसांत घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे विनाकारण जायला बंदी होती, म्हणून एकटी गाडी पाच किलोमीटरच्या बाहेर गेली तर गुन्हा कोणाचा, असंही शेवटी विचारलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या मोयरा नावाच्या बाईंचा फोन आला. आधी बराच वेळ त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, आम्ही ती भंगारातच काढणार. सगळं ग्रँड आहे!" इथे छप्पर उडालं तरी ग्रँडच असतं. मी मोठ्या धीराने करातल्या सुटीचं विचारलं. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात त्यांनी सांगितलं की आयर्लंडमध्ये देणगीवरचा करातला फायदा देणाऱ्याला मिळत नाही, संस्थेला मिळतो. तोही रोख देणगीवर. गाडीवर कोणालाच नाही. म्हणजे माझी गाडी जाणार, सूट शून्य, आणि मी रोज दोन बस बदलून कामाला. मागे फिरावंसं वाटलं, पण तीन पानांवर माझ्या तीन सह्या होत्या.

निदान फोटो तरी मिळावा म्हणून गाडी न्यायला आलेल्या डोनलला मी विनंती केली. गाडी तोवर साखळीने बांधून वर चढवून झाली होती आणि त्याचा पिवळ्या जाकिटातला मदतनीस ट्रकजवळच उभा होता. फीत नव्हती, मी माझी राखाडी ओढणी बॉनेटला बांधली, ती वाऱ्याने काचेवर जाऊन बसली. तोंडावर मास्क, डोळ्यांत पावसाचं पाणी, हात जोडलेले. डोनल म्हणाला, "मस्त आलाय!" आणि मी न बघता तुम्हाला पाठवला.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी सोडा म्हणून मी त्या माणसाच्या हातापाया पडते आहे, असं तुमच्या गॅरेजात एकमताने ठरलं. पण मामा, तुम्ही मला न विचारता आशुतोषला सांगितलंत, "पोरगी अडचणीत आहे, बघ जरा." त्याचा लगेच फोन आला. "ताई, किती पाठवू? आकडा सांग फक्त." असं तोंडात मारल्यासारखं मला दोनदा नापास होतानाही वाटलं नव्हतं. (नापास गाडी झाली होती. मी नाही.) मी त्याला सगळं समजावलं. मग आम्ही पुष्कळ बोललो. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगणार नाही असा मी त्याला शब्द दिला आहे, म्हणून सांगत नाही.

मामींना नमस्कार. शोभनाला अभ्यासाबद्दल रागावले आहे असं समजावं.

तुमची भाची,
गिरिजा

ता. क. शब्द दिला तो न सांगण्याचा. तुम्ही विचारू नये असं काही ठरलेलं नाही. तरी रविवारी आशुतोषला एवढंच विचारा : 'गाडी दिल्याने तुझा कर नेमका किती कमी झाला?' शोभनाने प्रश्न पाठ करून घ्यावा. तो आधी खोकला तर तेही लक्षात ठेवा.

(शोभना, हा कंस गिळ. त्याला एक पैचीही सूट मिळाली नाही. तिकडे सगळ्यांना सरसकट एक वजावट मिळते. ती घेतली की दानाची वेगळी धरत नाहीत, आणि याला तीच परवडली. हे त्याला मे महिन्यात फॉर्म भरताना कळलं. मामांना सांगणार नाही असा माझा शब्द आहे. तुझं नाव त्यात नव्हतं.)

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. मामा, त्याला काही विचारू नका. तो म्हणाला होता, "ताई, भिंतीवरचा तुझा फोटो बघतच मी मोठा झालो. बाबांनी पहिल्यांदाच माझं नाव काढलंय गं, राहू दे ना." प्रश्न मी खोडला आहे. आमच्या कारखान्याचा नियम असा की खोडताना एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. त्याप्रमाणे केलं आहे.

ता. क. शेवटचा. खरं तर मला एवढंच मागायचं होतं. रविवारी तुम्ही सकाळी दहाला त्याला फोन करता, आणि मला जेवण झाल्यावर. मी दुसऱ्या वाक्यावर असते तेव्हा तुम्ही घोरायला लागलेले असता. या रविवारी दहाचा फोन मला करा. इथे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मी उठलेली असेन.