आमच्याकडे स्लावा नसतो

३ डिसेंबर
सकाळी सातला रडिसावकडे. शेजारी आणि शाळासोबती. मेणबत्त्या लावतो, संतांच्या तसबिरींचे मुके घेतो, पण येशूला मनापासून शरण जा म्हटलं की विषय बदलतो. मीही असलाच होतो. अकरा वर्षांपूर्वी जुनं चर्च सोडून बाप्तिस्त पंथात गेलो, तेव्हापासून त्याला सांगतोय. आज त्याला निम्मं पटलंय. मी बोलत असताना एकदाही जांभई दिली नाही.

६ डिसेंबर
जानेवारीत बेलग्रेडला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. वेळ कमी. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: तो असाच गेला तर? स्वर्गात मला त्याच्याशिवाय करमायचं नाही.
संकल्प: रोज दोनदा जाणे.

८ डिसेंबर
एकदाच गेलो. (पाय दुखतो.) रडिसावनं बायबलच्या वचनाला वचनानं उत्तर दिलं. हे त्याचं डोकं नव्हे. त्यांच्या चर्चमधला तो फादर गोय्को पढवतोय. पाळत ठेवली पाहिजे.

१२ डिसेंबर
देसांकानं चार किलो घेवडा आणला. घरात माणसं दोन. विचारलं, तर म्हणाली हिवाळा मोठा आहे. बायकोनं बाप्तिस्मा माझ्यासोबतच घेतलाय, पण तेव्हा पाण्यात नीट बुडाली होती की नाही, मला शंका आहे.

१६ डिसेंबर
बाथटबमध्ये जिवंत मासा. कार्प, मोठा. देसांका म्हणते, स्वस्त मिळाला. १९ तारखेला संत निकोला, म्हणजे आमच्या घराण्याचा स्लावा, कुलसंताचा सण. अर्थात पूर्वीचा. आता आम्ही संतबिंत मानत नाही. घेवडा आणि मासा हे त्या दिवशीचे उपासाचे पदार्थ (मांस वर्ज्य, मासा चालतो) नेमके आत्ताच कसे आले? कट आहे.

१७ डिसेंबर
फाटकावर पाटी लावली: 'आमच्याकडे स्लावा नसतो.' पंचाईत अशी की स्लावाला कोणी कोणाला बोलवत नाही, लोक आपणहून येतात. जे आमंत्रण दिलंच नाही ते रद्द कसं करणार?

१९ डिसेंबर, संध्याकाळ
चौदा जण आले. पाटी वाचून आले. त्यातल्या ओब्राडनं तर ती तिरकी आहे म्हणून खिळा सरळ ठोकून दिला. मी डगमगलो नाही. आधी प्रवचन, मग जेवण, असं जाहीर केलं आणि पन्नास मिनिटं बोललो. कोणी हललं नाही. हे कानावर गेलं की गोय्कोची झोप उडणार, अशी खात्री वाटली. शेवटी म्हटलं, ज्याचं मन तयार झालंय त्यानं हात वर करावा. रडिसावचा हात वर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, मासा करपतोय.

सगळे गेल्यावर तो मागे राहिला. मी सरळ विचारलं, "अकरा वर्षं सांगतोय, इथे स्लावा नाही. तरी दरवर्षी कशाला येतोस?"
पावानं ताट पुसत म्हणाला, "अकरा वर्षं मीही नाही म्हणतोय, तिहोमिर. तू कशाला येतोस?"
तू एकटा मागे राहू नयेस म्हणून, असं सांगायला तोंड उघडलं. मग वाटलं, हाही तेच म्हणतोय की काय. उरलेला मासा त्याच्या ताटात वाढला.

२० डिसेंबर
नवा संकल्प: ऑपरेशनपर्यंत त्याला छळायचं नाही. सातला गेलो. कॉफी घेतली. बर्फाबद्दल बोललो, गुडघ्याबद्दल बोललो. देवाचं नावसुद्धा काढलं नाही. मोठ्या मनानं वागतोय असं माझं मलाच वाटत होतं.

रडिसाव माझ्याकडे निरखून बघू लागला. कप खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला होता.
"तिहोमिर, खरं सांग," म्हणाला. "डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का?"

मी नाही म्हटलं, शपथ घेतली. विश्वास बसेना. शेवटी घरी धावत जाऊन बायबल आणलं आणि चांगला तासभर त्याला नरकाबद्दल वाचून दाखवलं. तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.
पटलं काहीच नाही. उद्या परत बोलावलंय.