मोहाचा पहिला दोना

आलापल्ली, १९५४

वारलू,

पिऊन लाकडाचा ट्रक चालवला म्हणून साहेबानं तुले सहा महिन्यांची सजा देली, लायसनही काढून घेतलं. तो कोर्टाचा दंड.

आता आपल्या पंचांचा ऐक. जेलचं खाल्लं तो जातीबाहेर. परत याचं असंल तर त्यानं साऱ्या गावाले मोहाची दारू पाजावं. तुयी वयनी मोहफुलं वाळवून राह्यली.

रिवाजानं पानाचा पहिला दोना तुले गावातलं कोणीतरी पाजाचं. पंचांनी इचारलं, कोण पाजते? कोणी पुढं आलं नाई. तुया ट्रकाखाली पाय गेलेली सोनीबाई काठी टेकत उठली. म्हणे, "मी पाजीन."

पंचांनी मान डोलावली.

हे पत्र टाकत नाई. वाचलंस तर तू घरी येणार नाईस.

तुया मोठा भाऊ,
इतवारी