काळ्या डोळ्यांची पिल्लं

स्फाक्स

बाबा,

तुमच्या उजव्या हाताचा मुका घेऊन लिहायला बसलेय. आम्ही मजेत आहोत. तुमच्या जावयाला, मुन्सिफला, पुन्हा काम मिळेल असं दिसतंय, तुम्ही काळजी करू नका.

आमच्या परसातल्या भिंतीच्या भोकात शिकारी पक्ष्याची पिल्लं आहेत. मुन्सिफ लगेच शिडी घेऊन आला. म्हणाला, "शिक्रा आहे. यातली मादी बाबांना देऊ, लावे पकडायला. त्यांचा रिकामा हात बघवत नाही."

मी म्हटलं, "आधी खाली उतर. आमच्या हवारिया गावात हे बोललास तर पोरंसोरं हसतील. शिक्रा घरटं झाडावर करतो. आणि डोळे बघ, काळेभोर आहेत. शिक्र्याच्या पिल्लाचे पिवळट असतात. ही पाली नि टोळ खाणारी जात, लाव्यामागे कशाला धावेल?"

"मोठी आली बापाची लेक," तो म्हणाला. मला बरं वाटलं.

आत्या सांगत होती, गेल्या शिकारीच्या हंगामानंतर हातावरची शिक्री सोडून दिलीत, आणि या वसंतात नवी धरायला जाळं घेऊन डोंगरावर गेलाच नाहीत. गुडघे फार दुखतात का? नीट जेवता ना?

पक्ष्याच्या बाबतीत स्वतः बघितल्याशिवाय तुम्ही कुणाचं ऐकत नाही. मग माझंही ऐकू नका, येऊन बघा. पिल्लं इतक्यात उडायची नाहीत. शिडी चढावी लागणार नाही, खालूनही डोळे दिसतात. भिंतीसमोर खुर्ची मांडलीय. तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही.

तुमची वाट बघणारी,
दलेंदा