भिंगरीच्या खेळाचं पान मी सुधारलं त्याविषयी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर अजून धरलेली असल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी तो साष्टांगच समजावा.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? आम्ही इकडे सुखरूप आहोत. भिंगरी दोन्ही वेळा जेवते, केस विंचरते, आणि फोनवर तू तिच्याविषयी जे जे विचारतेस ते मी तिला सांगत नाही, कारण तू तसं बजावलं आहेस. तीही तुझ्याविषयी जे जे विचारते ते मी तुला सांगत नाही, कारण तिनंही बजावलं आहे. विमा कंपनीतली नोकरी सोडून ती माझ्या मागच्या खोलीत राहायला आली त्याला सव्वा वर्ष झालं. तेवढा काळ तुम्हा मायलेकींचं न बोलणं माझ्यामार्फत सुरळीत चालू आहे.

पत्रास कारण की, मामाने भाचीच्या खेळाचं वाटोळं केलं असं तुझ्या कानावर आलं आहे. (कोणी घातलं तेही मला ठाऊक आहे. तुझी भावजय तुला फोन करताना स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेवते, पण मला ऐकू येतं.) आता खरं काय घडलं ते सविस्तर ऐक, आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

तिने केलेला खेळ म्हणजे संगणकावरचा कोड्यांचा खेळ आहे. एक घर दिसतं, त्यात कपाट, पलंग, शिलाई मशीन, आरसा असं सगळं सामान, आणि ते सगळं एका अरुंद दारातून बाहेर काढून ट्रकमध्ये चढवायचं. बस, एवढंच. पण कपाट पलंगाला अडतं, पलंग मशीनला अडतो, आणि आरसा कुठेही ठेवला तरी चुकीच्याच जागी असतो. अशी आठ घरं आहेत आणि प्रत्येक घरात पाच कोडी. दारात एक बाई उभी असते, बाह्या वर सारलेल्या, एक हात कमरेवर. ती बोलत नाही, फक्त बोट दाखवते. हे सगळं भिंगरीने आणि तिच्या एका चित्रकार मैत्रिणीने मिळून तीन वर्षांत केलं. त्यातली पहिली पावणेदोन वर्षं विम्याची कामं उरकून.

असे खेळ इंटरनेटवरच्या एका दुकानात विकतात. दुकानात प्रत्येक खेळाचं एक पान असतं. पानावर एक छोटं चित्र, एक ट्रेलर, पाच-सहा फोटो आणि वर्णन. खेळ यायच्या आधी ज्याला तो आवडेल तो माणूस आपलं नाव विशलिस्टमध्ये टाकतो, म्हणजे ‘आला की कळवा’ असं सांगून ठेवतो. आपल्या पानावर पाच महिन्यांत दोनशे बारा नावं होती, त्यातली नऊ आपल्या घरातली आणि दोन माझी. (पासवर्ड विसरलो म्हणून.) भिंगरीने स्वतःच ठरवून टाकलं आहे की या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत दोन हजार नावं झाली तर खेळ बाजारात आणायचा, नाहीतर खेळ गुंडाळून तू पाहिलेली नोकरी मुकाट्याने धरायची. हे तिने मला जेवताना सांगितलं, आणि इतक्या शांतपणे सांगितलं की मी भातावर दोनदा मीठ घेतलं.

पहिल्यांदा आम्ही तज्ज्ञ गाठला. ही एक नवीच जात निघाली आहे. स्वतः कधी खेळ केलेला नसतो, पण दुसऱ्याच्या खेळाचं पान कुठे चुकलं ते त्यांना पान उघडण्याआधीच दिसतं. हे गृहस्थ संगणकाच्या पडद्यावर प्रकट झाले, मागे पुस्तकांचं कपाट (पुस्तकं सगळी एका उंचीची), आणि म्हणाले की तुमच्या छोट्या चित्रात चेहरा नाही. चेहऱ्याशिवाय पानं सरकवणाऱ्याचं बोट थांबत नाही म्हणे. आता आमच्या चित्रात होतं कपाट. चेहरा आणायचा कुठून? तेव्हा चित्रकार मैत्रिणीने कपाटालाच चेहरा काढला. संतापलेला काढा असा तज्ज्ञांचा आग्रह पडला, आणि त्या वेळी समोर मीच बसलो होतो, कंबर धरून. त्यामुळे कपाट हुबेहूब माझ्यावर गेलं. तुझी भावजय म्हणते, निदान कपाट तरी कामाचं असतं. आठवड्याभरात लोकांनी आपणहून पानाला ‘भीतीदायक’ अशी चिठ्ठी चिकटवली. भुताखेतांच्या खेळांचे शौकीन गर्दीने आले, पलंग सरकवून बघितला, आणि यात कोणी मरत कसं नाही अशी तक्रार लिहून निघून गेले. नावं वाढली अठरा.

मग मी पदर खोचला... म्हणजे बाह्या वर सारल्या. ताई, तुला माहीत आहे, औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो पातळ कागद असतो तो एकतीस वर्षं मी लिहिला. गोळी कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये, घेतल्यावर काय काय होईल, सगळं. एकतीस वर्षांत एकही गोष्ट मी दडवली नाही. आणि इथे वर्णनात काय होतं? ‘अवकाश आणि आठवणींचा एक संथ, तरल अनुभव.’ हे वाचून माणसाला कळणार काय, कपाट? मी ते एका सकाळी खोडलं आणि सरळ लिहिलं: हा खेळ सामान हलवण्याचा आहे. ज्यांचं अलीकडेच घर बदललं आहे त्यांनी घेऊ नये. नवरा-बायकोंनी एकत्र घेऊ नये. दुष्परिणाम: मान आखडणे, घरातल्या फर्निचरकडे संशयाने पाहणे, दूध उतू जाणे, उत्तर सापडल्यावर एकट्याने मोठ्याने बोलणे. मात्रा: रोज एक घर. मात्रा जास्त झाल्यास थंड पाणी प्यावे व खिडकीबाहेर पाहावे. लहान मुलांच्या हाती लागल्यास ती मोठ्यांच्या आधी सोडवतील, याची नोंद घ्यावी.

इथवर थांबलो असतो तर मी आज घरात ताठ मानेने फिरत असतो. पण पाच-सहा फोटो अजून अर्धवट अवस्थेतले होते, कपाट अडकलेलं, पलंग आडवा. गिऱ्हाइकाला अर्धवट माहिती देणं माझ्या रक्तात नाही. भिंगरी दोन दिवस मैत्रिणीकडे कामाला गेली होती. तिच्या वहीत सगळी उत्तरं लिहिलेली होती. मी सगळ्यात अवघड सहा कोडी निवडली, सामान नीट बाहेर काढलेले फोटो टाकले, आणि प्रत्येकाखाली कृती दिली: आधी आरसा, मग मशीन, मग पलंगाचं डोकं डावीकडे, अशी क्रमवार. एका सद्गृहस्थाने खाली लिहिलं की धन्यवाद, खेळ पानावरच खेळून झाला, छान होता, आता विकत घ्यायची गरज उरली नाही. मला वाटलं कौतुक आहे. मी त्यांना आभाराचं उत्तरही दिलं.

भिंगरी परत आली, पान उघडलं आणि वाचलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि म्हणाली, “मामा, ती सहा कोडी करायला मला एक अख्खं वर्ष लागलं होतं.” ताई, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने ते फोटो काढले आणि त्या सहांच्या जागी नवी सहा कोडी करायला घेतली.

आता गंमत ऐक. दुष्परिणामांचा मजकूर तिने ठेवला, कारण तेवढ्यात तो लोक एकमेकांना पाठवायला लागले होते. सगळ्यांना तो विनोद वाटला! मी एक अक्षर विनोदाने लिहिलेलं नाही. एकतीस वर्षं हेच लिहीत होतो तेव्हा कोणी हसलं नाही. पण नावं तेराशेच्या वर गेली, आणि तज्ज्ञांनी ‘मी हेच म्हणत होतो’ असं कळवलं.

राहिला ट्रेलर. त्यात पहिली बारा सेकंदं भिंगरी आणि मैत्रीण दोघींची नावंच येत होती, ती काढली. आता दार दिसतं, कपाट अडकतं, बाई बोट दाखवते, आणि सगळं मुकं. बाई बोलली पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत झालं. संगणकाचा आवाज लावून बघितला, तर ‘कृपया कपाट डावीकडे वळवा’ हे असं आलं की पुढे आपला खातेक्रमांक विचारेल असं वाटावं. तुझ्या भावजयीने म्हणून पाहिलं, ती ‘जमलं तर बघा हं’ म्हणाली, अशाने कपाट जन्मात हललं नसतं. नाटकात काम करणारी एक बाई आणली, ती चौथ्या वाक्याला रडली. भिंगरीने सगळं ऐकलं, मान हलवली आणि मुकाच राहू दे म्हणाली. मी विचारलं, तुला नेमकं हवंय तरी काय? ती खिडकीचं दार उघडबंद करत बसली.

असो. सातशे नावं कमी आहेत आणि अठरा दिवस उरले आहेत. नोकरी चांगली आहे, तू म्हणतेस ते शंभर टक्के पटतं, हट्टाला सीमा हवी, आणि आई सांगते ते मुलीच्या भल्याचंच असतं. मी यात पडणार नाही. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव आणि जिने चढू नकोस.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा भाऊ

ता. क. नोकरीच्या नेमणुकीचं पाकीट तू माझ्या पत्त्यावर पाठवलं होतंस ते मिळालं. तिला दिलेलं नाही. मळमळीच्या गोळ्यांच्या जुन्या कागदांखाली ठेवलं आहे, ते कागद आजवर कोणी उघडलेले नाहीत. उत्तराची मुदत पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आहे, म्हणजे तिची तीस तारीख उलटली की मी ते स्वतः तिच्या हातात ठेवेन. आयुष्यात एकच कागद दडवला आहे, तेवढा दडवू दे.

ता. क. २. मूळ काम राहिलंच. भाऊजींच्या बदल्यांच्या अकरा वर्षांत तू आठ घरं हलवलीस, आणि आठही वेळा दारात उभी राहून काय म्हणायचीस ते मला पाठ आहे, भिंगरीला तर आहेच. फोनवर हे म्हणून पाठव: ‘थांबा! आधी बघा, मग उचला.’ ‘आडवं करा. आडवं म्हणजे आडवं!’ ‘दार मोठं होणार नाही, तुम्हीच वळा.’ ‘भिंतीला खरचटलं तर बघा.’ आणि शेवटी, ‘आलं, आलं, ठेवा. आता सगळे पाणी प्या.’ कागदावरून वाचू नकोस. भाऊजींना एक जड खुर्ची उचलायला लाव, म्हणजे आपोआप येईल.

ता. क. ३. आवाज कोणाचा ते तिला सांगू नकोस, असं तू कळवशीलच. बरं, सांगणार नाही. पण पहिल्या ‘थांबा’लाच ती हातातलं काम सोडून दाराकडे बघेल. तेव्हा मी काय म्हणायचं, तेवढं मात्र त्याच फोनवर सांगून ठेव.